हॉलिडे, बिली
हॉलिडे, बिली : (७ एप्रिल १९१५–१७ जुलै १९५९). श्रेष्ठ अमेरिकन जॅझ गायिका. मूळ नाव एलिनोरा फेगन. ‘लेडी डे’ ह्या नावानेही प्रसिद्ध. जन्म फिलाडेल्फिया येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात. वडील क्लॅरेन्स हॉलिडे हे गिटारवादक होते. तथापि त्यांचा सहवास तिला फारसा लाभला नाही. बालपण बॉल्टिमोर येथे हलाखीत गेले. संगीताचे रीतसर शिक्षण तिला मिळाले नाही; बेसी स्मिथ व लूई आर्मस्ट्राँग ह्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा मात्र तिच्यावर खोल संस्कार झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील क्लबांतून ती गात असताना जॉन हॅमंड ह्या समीक्षक-निर्मात्याने तिला हेरले व १९३३ मध्ये बेनी गुडमनच्या साथीने तिचे पहिले ध्वनिमुद्रण झाले.

पियानोवादक टेडी विल्सन ह्याच्यासमवेत १९३५ पासून केलेल्या ध्वनिमुद्रणांत तिची शैली पूर्णत्वास पोहोचल्याचे दिसते. तिचे स्वरक्षेत्र सप्तकाहून थोडेच अधिक होते आणि आवाजही मोठा नव्हता. ह्या मर्यादेतच तिचे सामर्थ्य आहे. तालाच्या आघातामागे किंचित रेंगाळून शब्द उच्चारणे, मूळ चाल मोजक्या स्वरांत आटोपशीर करणे आणि वाद्यवादकाप्रमाणे तिची नवी मांडणी करणे, हे तिचे विशेष होत. तिच्या वाट्यास आलेली अनेक गीते सामान्य दर्जाची होती. तिच्या शब्दफेकीने त्यांना अर्थघनता आली. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग ह्याचे वादन व तिचे गायन ह्यांतील संवाद जॅझच्या इतिहासात अपूर्व मानला जातो.

काउंट बेसी (१९३७-३८) व आर्टी शॉ (१९३८) ह्यांच्या वाद्यवृंदांत ती गायली. शॉच्या गौरवर्णीय वाद्यवृंदात असताना तिला वर्णभेदाचे अपमान सोसावे लागले. कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवरील ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे एबल मीरोपोलचे गीत तिने १९३९ मध्ये कॅफे सोसायटी ह्या क्लबमध्ये गायिले. तिच्या नेहमीच्या कंपनीने ते ध्वनिमुद्रित करण्याचे नाकारल्यावर कमोडोर ह्या लहान कंपनीने ते काढले. आक्रोश टाळून संथ, संयत स्वरांत गायिल्यामुळेच त्यातील भीषणता श्रोत्यांना भिडली.

ह्या कीर्तीबरोबरच तिच्या खाजगी जीवनाची वाताहत होत गेली. जिमी मन्‍रो, ट्रंपेटवादक जो गाय, लूइस मके ह्या पुरुषांशी तिचे संबंध क्लेशकारक ठरले. १९४० नंतरच्या काळात तिला हेरॉइनचे व्यसन जडले. १९४७ मध्ये अंमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला एक वर्ष व एक दिवस कारावासाची शिक्षा झाली. सुटकेनंतर मार्च १९४८ मध्ये कार्नेगी हॉलमधील तिच्या कार्यक्रमास प्रचंड गर्दी लोटली. तथापि पोलिसांचा परवाना गेल्याने, मद्यविक्री होणाऱ्या न्यूयॉर्कच्या क्लबांत गाण्याचा तिचा हक्क संपला. परिणामतः जॅझचे माहेरघर असलेल्या ठिकाणीच तिला मज्जाव झाला. न्यूयॉर्क येथे रुग्णालयात मृत्युशय्येवर असतानाही तिला अटक करण्यात आली होती.

तिच्या गायनाचा उगम तिच्या दुःखात शोधण्याची प्रथा लेडी सिंग्ज द ब्लूज (१९५६) हे विल्यम डफ्टीच्या साहाय्याने लिहिलेले आत्मचरित्र व त्यावर आधारित चित्रपट (१९७२) ह्यांमुळे दृढ झाली. ती पुरेशी समर्थनीय नाही. हेरॉइनच्या आहारी जाण्यापूर्वीच्या ध्वनिमुद्रिकांत तिची कला परिपक्व झालेली आहे आणि त्यांपैकी कित्येकांत खेळकर आनंद ओसंडतो. व्यसनाने तिला काही दिले नाही. आवाजातील तजेला मात्र हिरावून घेतला. लेडी इन सॅटिन (१९५८) मधील आवाज जीर्ण व खरखरीत आहे. पण लयीची जाण आणि शब्दाचे वजन ओळखण्याची शक्ती शाबूत आहे. ही ध्वनिमुद्रिका हृदयद्रावक वाटते, ती भग्न आवाजामुळे नव्हे, तर त्या आवाजातही न ढळलेल्या कलाविवेकामुळे. त्या विवेकातच तिच्या श्रेष्ठत्वाचे मर्म आहे.