रिलेशनल डेटाबेसमधील की आणि कन्स्ट्रेंट : एक चिकित्सा

एडगर एफ. कॉड यांनी जून १९७० मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात रिलेशनल मॉडेल मांडले. तक्ता हा ओळींचा संच असून संचात एकच घटक दोनदा येत नाही, ही गणिती कल्पना त्याच्या मुळाशी होती. प्रायमरी की व फॉरेन की या दोन्ही संज्ञा त्याच निबंधात आढळतात. तथापि १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या एस्क्यूएल भाषेत त्यांना स्थान नव्हते. ते १९८९ च्या सुधारणेत मिळाले. आजही प्रायमरी कीविना तक्ता तयार करण्यास ही भाषा मज्जाव करीत नाही. सिद्धान्ताने जे अनिवार्य मानले ते भाषेने ऐच्छिक ठरविले. व्यवहारातील पुष्कळशी शिथिलता येथूनच सुरू होते.

प्रायमरी की दिली की द्विरुक्ती टळली, हा समज विशेष रूढ आहे. महाविद्यालयाच्या विद्यार्थी-तक्त्यात आपोआप वाढणारा क्रमांक प्रायमरी की म्हणून ठेवला आणि विद्यापीठाच्या पीआरएनवर कोणतेही बंधन घातले नाही, अशी कल्पना करावी. प्रवेशाच्या गर्दीत एकाच विद्यार्थिनीची नोंद दोनदा झाल्यास तिला ४१२ व ५८७ असे दोन क्रमांक मिळतात. पहिल्या सत्राचे गुण एका ओळीला, दुसऱ्या सत्राचे दुसरीला जोडले जातात. फॉरेन कीचे पालन दोन्हीकडे काटेकोर होते. तरीही दोन्ही नोंदींवर तिचा निकाल अपूर्णच राहतो. कृत्रिम क्रमांक ओळीची ओळख पटवितो, व्यक्तीची नव्हे.

यावर उपाय म्हणजे पीआरएनवर युनिक कन्स्ट्रेंट. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तो क्रमांक उशिरा मिळतो, ही अडचण खरी आहे. तेव्हा तोवर नल मूल्य चालू द्यावे, परंतु युनिक सोडू नये. दुसऱ्या ओळीत तोच क्रमांक भरला जाताच चूक उघडी पडते. पोस्टग्रेस्क्यूएल, ओरॅकल व मायएस्क्यूएल अशा स्तंभात अनेक नल मूल्ये स्वीकारतात. एस्क्यूएल सर्व्हर मात्र एकच स्वीकारतो, म्हणून तेथे नल वगळणारा फिल्टर्ड इंडेक्स करावा लागतो.

ही तपासणी प्रोग्राममध्ये केली तर काय बिघडते, असा प्रश्न नेहमी केला जातो. दोन लिपिकांनी एकाच क्षणी तीच नोंद भरली, तर दोघांच्याही प्रोग्रामला ती ओळ अद्याप नाही असेच दिसते आणि दोन्ही नोंदी आत जातात. कॉड यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या बारा नियमांपैकी दहावा नियम याच मुद्द्याचा आहे : बंधने प्रोग्राममध्ये नव्हे, डेटाबेसच्या कॅटलॉगमध्ये असावीत.

परंतु बंधन लिहिले म्हणजे ते पाळले जाते, हेही गृहीत धरता येत नाही. मायएस्क्यूएलने चेक कन्स्ट्रेंट वर्षानुवर्षे निमूटपणे स्वीकारले आणि दुर्लक्षिले. त्याची अंमलबजावणी २०१९ मध्ये, ८.०.१६ या आवृत्तीपासून सुरू झाली. गुण ० ते १०० यांमध्येच असावेत असे लिहून निश्चिंत झालेल्यांच्या तक्त्यात १४५ गुण विनातक्रार बसत. स्पष्ट नकारापेक्षा असा मूक होकार अधिक घातक होय. एस्क्यूलाइटमध्येही फॉरेन कीची तपासणी मूलतः बंद असते. प्रत्येक जोडणीत ती चालू करावी लागते.

बंधनांमुळे वेग मंदावतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. लक्षावधी ओळी एकदम भरताना ती तात्पुरती बंद ठेवणे समर्थनीय ठरते. खरा प्रश्न ती पुन्हा चालू करण्याचा आहे. एस्क्यूएल सर्व्हरमध्ये त्या वेळी जुन्या ओळी तपासण्याची सूचना वेगळी द्यावी लागते. ती न दिल्यास बंधन चालू दिसते, पण कॅटलॉगमध्ये प्रणाली स्वतःच त्याच्यापुढे 'विश्वासार्ह नाही' अशी नोंद करून ठेवते.