मनो माजरा : कादंबरीतील गाव आणि छायाचित्रांतील वाट

खुशवंतसिंग यांची ‘ट्रेन टू पाकिस्तान’ ही कादंबरी १९५६ साली प्रसिद्ध झाली. पन्नास वर्षांनी, २००६ साली, रोली बुक्सने तिची सचित्र आवृत्ती काढली. तीत मार्गारेट बोर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने ‘लाइफ’साठी फाळणीच्या काळात टिपलेली ६६ छायाचित्रे आहेत. सतलजकाठचे मनो माजरा हे गाव कल्पित, छायाचित्रे खरी. या खऱ्याच्या आधारे ते कल्पित स्थळ कितपत कळते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पुष्कळ कळते, हे प्रथम मान्य करू. ‘निर्वासित’ हा शब्द कल्याण कॅम्पच्या, म्हणजे १९४९ पासूनच्या उल्हासनगरच्या, परिसरात आपण इतक्या सहज उच्चारतो की त्यामागचा थकलेला देह विसरला जातो. पायी चालणारे तांडे आणि बैलगाड्या पाहताना तो पुन्हा दिसू लागतो. तथापि ही वाट पंजाबची आहे. उल्हासनगरच्या लष्करी बराकींत उतरलेले सिंधी बहुतांशी कराचीहून आगबोटीने आले. शिवाय मनो माजराचा दिवस आगगाड्यांच्या वेळांवर चालतो. हे अंबरनाथ-बदलापूरच्या वाचकास चित्रावाचूनही उमगेल!

आमची खरी अडचण निराळी आहे. गावाची वस्ती सांगताना लेखक सफाईकाम करणाऱ्या काही कुटुंबांचा उल्लेख करतो. त्यांचा धर्म अनिश्चित. मुसलमान त्यांना आपले म्हणतात, आणि अमेरिकन मिशनरी आले की ती साहेबी टोप्या घालून प्रार्थनागीतांत सामील होतात. लेखक येथे किंचित हसतो. पुढे कथेच्या केंद्राशी ही कुटुंबे येत नाहीत.

छायाचित्रे ही उणीव भरून काढतील काय? आमच्या मते नाही. कराचीतील सफाई कामगारांची सेवा अत्यावश्यक ठरवून पाकिस्तान सरकारने त्यांना भारतात येण्यास अटकाव केला होता. १८ डिसेंबर १९४७ रोजी पूज्य बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून तेथे अडकलेल्या अस्पृश्य बांधवांचा प्रश्न मांडला. इकडे आलेल्यांना छावण्यांत थारा मिळत नसल्याची तक्रारही त्यात होती. ज्याला वाटेलाच लागू दिले नाही, तो वाटेच्या छायाचित्रात येणार कसा?

‘उदान’मध्ये भगवंतांनी बाहियाला केलेला उपदेश असा, की पाहिलेल्यात पाहिलेलेच असू द्यावे. छायाचित्राच्या वाचकाने तो अवश्य पाळावा. चौकटीत तांडा दिसतो. सारा देश त्या तांड्यात होता, हे आपण मागाहून जोडतो. ही आवृत्ती शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी चित्रांशेजारी बाबासाहेबांचे ते पत्र ठेवावे आणि मग कादंबरीची आरंभीची पाने पुन्हा वाचावीत.