चुकांबद्दल माफ करा

फॅनफिक्शन वाचणाऱ्यांना ही ओळ पाठ असेल. कथा सुरू होण्याआधीच लेखक सांगून टाकतो: इंग्रजी माझी पहिली भाषा नाही, चुकांबद्दल माफ करा. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर ही ओळ इतकी दिसते की तो आता प्रघातच झालाय. गंमत म्हणजे माफी मागणाऱ्याचं इंग्रजी बरेचदा उत्तम असतं.

मग माफी कशाची? फॅन मंडळी स्वतःला मोकळ्या दाराची समजतात. याच आर्काइव्हला २०१९ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणजे हौशी लेखनाचीही दखल घेतली गेली. पण दारावरचा पहारेकरी गेला नाही, तो व्याकरणाची वही घेऊन आत बसला.

रशियन किंवा जपानी लेखकाचा ‘द’ सुटतो, कारण त्या भाषांत आर्टिकलच नाही. मराठीतही नाही. ती त्याच्या भाषेची खूण असते, पण वाचणारा निष्कर्ष काढतो की विचारही कच्चा आहे. इंग्रजी घरात बोलणाऱ्याने ‘देअर’चं स्पेलिंग चुकवलं तर तो टायपो. बग सारखाच, फक्त रिपोर्ट करणाऱ्याने गंभीरता वेगळी लावली. ‘तुझं इंग्रजी किती छान आहे!’ हे कौतुकही शेवटी मार्कच देतं. कथेबद्दल त्यात एक शब्द नसतो.

म्हणून चुका दाखवायच्याच नाहीत का? तसं नाही. कोड रिव्ह्यूमध्ये आपण बिल्ड पडणं आणि वॉर्निंग येणं यात फरक करतो. काळ बदलल्यामुळे आधी काय घडलं हेच कळत नसेल, तर बिल्ड पडलंय, ते सांगावंच. बीटा रीडर त्यासाठीच असतात. सुटलेला ‘द’ ही वॉर्निंग आहे. कथा चालतेय.

आता जरा घरात बघू. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणाऱ्याचा मेसेज आपल्या ग्रुपवर स्क्रीनशॉट होऊन फिरतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकात आली ती खानदेशच्या बोलीतच, आणि ती आपण डोक्यावर घेतली. म्हणजे प्रमाणभाषेबाहेरचं लेखन वाचायला आपल्याला जमतं. फक्त माणूस मोठा ठरेपर्यंत आपण थांबतो, आणि तोवर तो माफी मागत राहतो.