केळकर संग्रहालयातील स्त्रीजीवनाच्या वस्तू : एक चिकित्सा

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एका व्यक्तीच्या छंदातून उभे राहिले. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी अकाली निधन पावलेल्या राजा या पुत्राच्या स्मरणार्थ हा संग्रह वाढविला व १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनास दिला. लिलावात बोली चढते ती दुर्मिळतेवर. केळकरांची दृष्टी मात्र अडकित्ते, फण्या, दिवे, बाहुल्या, वस्त्रे, दागिने अशा हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंकडे वळली. पाय घासण्याच्या वज्रीलाही घडणीचे सौंदर्य असते, हे त्यांनी दाखवून दिले. या संग्रहाचे खरे मोल हेच होय.

तथापि एक उणीव जाणवते. वस्तू कोणत्या प्रांतातील, कोणत्या शतकातील एवढेच बहुधा कळते. ती कोणत्या घरातून, कोणत्या अडचणीपोटी बाहेर पडली हे कळत नाही. दागिना सुखासुखी कोणी विकत नाही. संग्राहकाचे कुटुंब नावानिशी स्मरणात राहते, वापरणारी स्त्री अनामिकच राहते.

१९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तर वस्तूही उरत नाही. पुतळ्यांची माळ, गोठ, सरी मोडीत निघतात. जीर्ण शालूची जर चांदीसाठी जाळली जाते. पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा किमान १०० वर्षे जुन्या वस्तू परदेशी नेण्यास खाजगी व्यक्तीला अटकाव करतो. सोनाराच्या मुशीपर्यंत तो पोहोचत नाही. म्हणून आपल्या महाविद्यालयांतील मराठी व इतिहास विभागांनी विद्यार्थिनींकरवी आजीच्या पेटीतील दागिन्यांची नावे, घडविणारा, मोडल्याचे साल व कारण यांची नोंद आताच करून घ्यावी.