सूर यंत्र देईल, कान कोण देणार?

मैंदर्गीत आज गाणे शिकू पाहणाऱ्या मुलाच्या घरी तंबोरा सापडणे कठीण. फोन मात्र असतोच आणि त्यात तानपुऱ्याचे अॅप घ्यायला दोन मिनिटे पुरतात. अक्कलकोट तालुक्याच्या या कन्नड-मराठी पट्ट्याच्या दक्षिणेला धारवाड-गदगचा मुलूख आहे. मल्लिकार्जुन मन्सूर आणि भीमसेन जोशी तिकडचे. पश्चिमेला दोनशे किलोमीटरहून जास्त अंतरावर मिरज आहे. तंबोरे तिथे घडतात. गाण्याच्या दोन मोठ्या परंपरांच्या मधल्या गावातल्या मुलाने रियाज कशावर करावा, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही. या विषयावरची चर्चा बहुधा एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबते: यंत्र खऱ्या तंबोऱ्यासारखे वाजते का? माझ्या मते मुळात हा मुद्दाच अपुरा आहे.

यंत्राने मारलेली मजल आधी मोकळेपणाने मान्य करायला हवी. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारी स्वरयंत्रे बनवायला सुरुवात केली. त्यांच्या राडेल कंपनीच्या पेट्या पुढे देशभरातल्या शिकवण्यांत पोचल्या. सुरुवातीच्या यंत्रांचा आवाज उघडउघड कृत्रिम होता. नंतर खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनिमुद्रित नाद चिपवर उतरला आणि फरक बराच कमी झाला. आता प्रसाद उपासनी यांच्या आयतबलाप्रोसारखी अॅप्स तबल्याचा ठेका आणि तंबोरा एकाच वेळी देतात, पट्टी हवी तशी बदलू देतात. यामुळे एकट्याने रियाज करणाऱ्याची, प्रवासात असलेल्याची, साथीला माणूस नसलेल्याची मोठी अडचण दूर झाली. ज्या घरात हजारो रुपयांचे वाद्य कधीच आले नसते, तिथे स्थिर षड्ज पोचला. हे काम छोटे नाही.

असाच वाद गिटारवाल्यांच्या दुनियेतही रंगला. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर जड, महाग आणि नाजूक. 2022 मध्ये रशियाने निर्यात रोखल्यावर तर नवे व्हॉल्व्ह मिळणेही अवघड झाले. त्याची डिजिटल प्रतिकृती हलकी आणि स्वस्त. 1998 मध्ये लाइन सिक्स कंपनीचा पॉड आला, तेव्हा जुन्या वादकांची तक्रार आवाजापुरती नव्हती. तार हलकी छेडली की नितळ आणि जोरात छेडली की फाटत जाणारा आवाज, हे व्हॉल्व्हचे उत्तर त्यांना बोटांखाली सापडत नव्हते. बनवणाऱ्यांनी ती तक्रार मनावर घेतली. 2011 मध्ये आलेले केम्परचे यंत्र खऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये चाचणीचे संदेश पाठवून त्याचे वागणे टिपून घेते. आज अनेक नामवंत वादक असली यंत्रे रंगमंचावर बिनदिक्कत वापरतात, कारण वादकांनी नुसत्या आवाजावर समाधान मानले नाही. वाद्याच्या प्रतिसादाचा आग्रह धरला.

आपण तंबोऱ्याच्या बाबतीत असा आग्रह कधी धरला नाही. पाठीमागे एकसारखा सूर वाजत राहिला की आपले भागले. तंबोरा मुळात काय करतो, हे जवळून पाहिले की यात काय निसटले ते कळते.

त्याची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातच होते. पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून मिरजेला जातात. तिथल्या शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ती तंतुवाद्यांकडे वळली. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि कारागिराच्या शेजारी तितकाच काटेकोर कान आला. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने गिऱ्हाईक येतेच असे नाही, आणि सुरुवातीला साधा तंबोरा घेणारा विद्यार्थी आता अॅपवर थांबतो.

कारागिराचे खरे कौशल्य जवारीत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या घडणीत असते. घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो. थरथरणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवत जावे. आधी नाद बसका येतो, मग कडक होतो आणि एका नेमक्या जागी एकदम खुलतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये याच गोष्टीवर लिहिले. साधी तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्यांचे कंपन शून्य असते ते उपस्वर उमटू नयेत; तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात. खर्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे तो स्वयंभू गंधार, जो कोणत्याही तारेवर लावलेला नसतो आणि तरीही ऐकू येतो. समान अंतराने जुळवलेल्या पेटीचा गंधार याच्याहून अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. भजनात पेटीवर वाढलेल्या मुलाला हा फरक समजावून सांगून कळत नाही. तो ऐकावाच लागतो.

आणि तो ऐकायची सवय तंबोरा जुळवताना लागते. जोडाच्या दोन तारा मिळवताना त्यांच्यातली लाट मंदावत मंदावत थांबते. आधी खुंटी, मग मणी, मग दोरा, आणि या सगळ्यात कान एकेक पायरी चढत जातो. किशोरी आमोणकर तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय गाणे सुरू करत नसत. त्या वेळात त्यांचे गाणे सुरू झालेलेच असे. अॅपमध्ये हे सगळे आधीच करून ठेवलेले असते. यंत्र सूर देते, पण सूर शोधायचे कष्ट काढून घेते. शिवाय ते गायकाचे ऐकत नाही. खऱ्या तंबोऱ्याच्या तारा गळ्यातला सूर नेमका लागला की आपणहून घुमतात. मागे बसलेला शिष्य गाण्याच्या ओघाप्रमाणे छेड हलकी करतो आणि त्या बैठकीत बरेच काही शिकतो.

उद्या यंत्रही ऐकू लागेल. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तार, दोरा आणि घोडी यांच्या टकरीचे गणित मांडून तत्क्षणी नाद निर्माण करणारे तंबोऱ्याचे प्रारूप 2016 मध्ये सादर केले. त्यात दोरा सरकवल्याचा परिणामही बदलता येतो. आपल्या उत्पादकांनी ही दिशा धरावी. त्यासाठी गायकांनी आणि शिक्षकांनी तशी मागणी करायला हवी.

तोवर निवड कशी करावी? रोजच्या रियाजाला अॅप खुशाल वापरावे, पण प्रत्येक तार सुटी जुळवता येईल असेच. शिक्षकाने एक तार मुद्दाम उतरवावी आणि विद्यार्थ्याने ती पडद्यावरचा आकडा न बघता कानाने मिळवावी. मैफलीत आणि तालमीत मात्र तंबोराच हवा. तो प्रत्येक घराला परवडणार नाही. गावाला, शाळेला, भजनी मंडळाला मिळून परवडू शकतो. पखवाजासाठी आपण वर्गणी काढतो, मग मिरजेच्या एका तंबोऱ्यासाठी का काढू नये? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय मिरजेतही आहे. त्याच्या अगदी पहिल्या परीक्षांपासून तंबोरा जुळवून दाखवण्याला भरघोस गुण असावेत. परीक्षेला जे लागते ते क्लासमध्ये शिकवले जाते आणि क्लासला जे लागते ते विकत घेतले जाते. एवढ्या एका नियमाने मिरजेतल्या कारागिराच्या हाताला काम मिळेल, मंगळवेढ्याच्या भोपळ्याला भाव येईल आणि मैंदर्गीतल्या मुलाला गंधार स्वतःच्या कानाने ओळखता येईल.