'दोन उपचार एकत्र दिले, फायदा झाला' – पण कशामुळे?

खांदेदुखीवर फिजिओथेरपी आणि ॲक्युपंक्चर एकत्र दिलं की जास्त आराम पडतो, असं सांगणारे पेपर तुम्हाला भरपूर सापडतील. चीनमध्ये सुया आणि 'तुईना' (दाबून, चोळून, सांधा हलवून केलेले हाताचे उपचार) बऱ्याचदा सोबतच दिले जातात. म्हणजे कल्पना जुनीच आहे. पण अशा पेपरमधून सिद्ध नेमकं काय होतं?

मुद्दाम एक चांगला पेपर घेऊ. स्पेनमधल्या होर्हे वास आणि सहकाऱ्यांची ही ट्रायल 2008 साली 'र्‍हुमॅटॉलॉजी'मध्ये आली. 425 रुग्ण, रँडम वाटणी. सगळ्यांना फिजिओथेरपीची 15 सत्रं. शिवाय एका गटाला आठवड्यातून एकदा, तीन आठवडे, पायावरच्या एकाच बिंदूत सुई. दुसऱ्या गटाला तितक्याच वेळा करंट बंद असलेलं टेन्स मशीन. मोजमाप कॉन्स्टंट-मर्ली स्कोअरने, एकूण गुण 100. सुईवाल्या गटात सरासरी सुधारणा 16.6 गुण, दुसऱ्यात 10.6.

आकडे ठीक आहेत. रुग्णसंख्या मोठी आहे आणि कंट्रोल गटालाही तेवढ्याच भेटी मिळाल्या, हे कौतुकास्पद. माझा आक्षेप निष्कर्षावर आहे. लेखक म्हणतात, ॲक्युपंक्चर जोडल्याने 'नुसत्या फिजिओथेरपी'पेक्षा जास्त सुधारणा होते. पण नुसत्या फिजिओथेरपीचा गट या ट्रायलमध्ये नव्हताच! तुलना होती सुई विरुद्ध बंद मशीन अशी. आता रुग्णाच्या जागी बसून बघा. सुई टोचलेली कळते. मशीन लावलं आणि काहीच जाणवलं नाही, तर तेही कळतं. दोन्हींकडून अपेक्षा सारखी राहील का? मग ते 6 गुण बिंदूचे, टोचण्याचे की अपेक्षेचे, हे वेगळं कसं काढणार?

हे वेगळं काढता येतच नाही, असं नाही. 1999 साली 'पेन' जर्नलमध्ये जर्मन संशोधकांनी खांद्याचा टेंडिनायटिस असलेल्या 52 खेळाडूंवर टोचल्यासारखी वाटणारी, पण कातडीत न शिरणारी सुई कंट्रोल म्हणून वापरली. तिथेही खऱ्या सुईचा गट पुढे राहिला. अभ्यास छोटा आहे, पण प्रश्न नेमका विचारलाय.

बरेच 'कॉम्बिनेशन' पेपर तर वास यांच्याइतकीही काळजी घेत नाहीत. एका गटाला अ + ब, दुसऱ्याला फक्त ब, संपलं. अर्न्स्ट आणि ली यांनी 2008 मध्ये हाच मुद्दा मांडला: ही रचना जवळपास नेहमीच 'पॉझिटिव्ह' निकाल देते, कारण जादा उपचारासोबत जादा लक्ष आणि जादा आशाही येते. त्यांचा लेख आपल्या मुंबईतून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये आहे. दोन-तीन पानांचा आहे, नक्की वाचा.

आणि 'ब' तरी पक्का आहे का? रोटेटर कफच्या दुखण्यात हाताचे उपचार आणि व्यायाम यांवरच्या 2016 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत 60 ट्रायल्स होत्या. त्यात नेहमीच्या पद्धतीने दिलेल्या या उपचारांची प्लासिबोशी तुलना करणारी दर्जेदार ट्रायल एकच, 120 रुग्णांची. 22 आठवड्यांनी दुखण्यातला फरक 100 पैकी सुमारे 7 गुण. म्हणजे पायाच डळमळीत आहे आणि आपण त्यावर दुसरा मजला चढवतोय.

तुमच्यापैकी कुणी सिनॉप्सिसमध्ये 'इंटिग्रेटिव्ह' शब्द लिहिणार असेल (आयुर्वेद + फिजिओ, योग + औषध, काहीही), तर आधी कंट्रोल गट लिहून काढा. दोन उपचार एकमेकांना बळ देतात असा दावा असेल, तर चार गट लागतील: फक्त अ, फक्त ब, दोन्ही, आणि दोन्हींचे प्लासिबो. रुग्ण जास्त लागतील, खर्च वाढेल, गाइड कुरकुरतील. जमत नसेल तर दावा लहान करा: 'जोडल्यावर फरक दिसला', एवढाच. तोही प्रामाणिक निष्कर्ष आहे, आणि व्हायव्हात त्याचा बचाव करता येतो.