उत्कटतेची कसोटी

रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या ख्रिस्ती अभंगांची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा 'उत्कटता' या शब्दापाशी येऊन थांबते. भाव उत्कट, म्हणून प्रामाणिक. प्रामाणिक, म्हणून श्रद्धा अस्सल, अशी ही अनुमानसाखळी आहे. तिचे दोन्ही दुवे तपासणारा विचार टिळकांच्या जन्मापूर्वी शतकभर आधी ख्रिस्ती परंपरेतच सिद्ध झालेला होता.

१७४०च्या सुमारास न्यू इंग्लंडमध्ये धर्मजागृतीची लाट उसळली. सभांतून श्रोते आक्रंदत, मूर्च्छित होत. चार्ल्स चॉन्सी यांना त्यात विवेकशून्य उन्माद दिसला. नॉर्थॅम्प्टनचे धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌स यांनी मात्र १७४६ मध्ये धार्मिक भावांवरील आपल्या प्रबंधात दोन्ही टोके नाकारली. खऱ्या धर्माचा मोठा अंश भावांतच असतो, हे त्यांचे प्रतिपादन. परंतु भाव म्हणजे क्षणिक आवेग नव्हे. बुद्धीला प्रतीत झालेल्या वस्तूकडे अंतःकरणाचा होणारा तो जोरकस कल होय. म्हणून भावाची तीव्रता, शरीरावरील विकार, धर्मविषयक वाक्‌पटुत्व यांवरून अस्सलपणा सिद्ध होत नाही आणि असिद्धही होत नाही. अशी बारा अनिर्णायक चिन्हे बाजूला सारून ते बारा निर्णायक लक्षणे देतात. त्यांतले अखेरचे लक्षण आचरण हे आहे.

हा विवेक अभंगाला लावला की प्रश्न गुंतागुंतीचा होतो. आर्तता, विरह, शरणागती ही अभंगाची परंपरागत भाववृत्ती आहे. तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या टिळकांना ती वारशाने लाभली होती. तेव्हा अभंगातील उत्कटता किती कवीची आणि किती रचनाप्रकाराची, हे केवळ संहितेवरून सांगता येत नाही. त्यामुळे ती कृत्रिम ठरत नाही. श्रद्धेचा पुरावा म्हणून मात्र ती अपुरी ठरते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' येथे उद्बोधक आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या काळातील त्यांचे परिवर्तन भावावेगाच्या शिखरावर घडत नाही. खाण्यापिण्यातला विटाळ गळून पडतो, जातिभेद मानवनिर्मित असल्याचे उमगते, आणि आचार बदलतो. निवेदनाचा सूर खेळकर, भावना संयत. तरीही साक्ष भक्कम. ज्या अमेरिकन मराठी मिशनशी टिळक निगडित होते, त्याची मुळे एडवर्ड्‌स यांच्याच न्यू इंग्लंडमध्ये होती, हा योगायोगही लक्षणीय आहे.

तथापि आचरणाची कसोटीही निर्वेध नाही. स्वतः एडवर्ड्‌स गुलामांचे मालक होते. त्यांचे लक्षण त्यांच्याच विरुद्ध साक्ष देते. शिवाय समीक्षकापुढे संहिता असते, आयुष्य नव्हे. म्हणून श्रद्धेचा निवाडा देण्याचा अधिकार समीक्षेने सोडणेच इष्ट. तिच्या हाती उरते ते एडवर्ड्‌स यांचेच दुसरे लक्षण: अस्सल भाव ईश्वराच्या सौंदर्यात रमतो, दांभिक भाव स्वतःच्या अनुभवाच्या कौतुकात. कवितेतील भाव आराध्याकडे पाहतो की स्वतःच्या अश्रूंकडे, हे शब्दांतून तपासता येते. टिळकांचे अभंग या प्रश्नाने एकेक करून वाचले, तर त्यांतले सारेच सारख्या बळाचे ठरणार नाहीत. 'उत्कटता' या एका शब्दाने आजवर झाकलेला भेद तो हाच.